राष्ट्राचा पश्चात्ताप आणि आपली ज्युबिली

(जवळा बाजार येथे ज्युबिली समारंभाच्या सायंकाळच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी आपणांपुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा प्रथम आमचे मन कचरले. ज्युबिली हा आनंदाचा सण. मंडप उभा आहे, पताका लागल्या आहेत, लेकीबाळी सासरहून माहेरी आल्या आहेत. अशा वेळी पाहुण्यांच्या पानात गोड वाढावे की कडू काढा ठेवावा, असा प्रश्न पडला. कारण आम्ही निवडलेला विषय पश्चात्तापाचा आहे, आणि तोही एकट्यादुकट्याच्या नव्हे, तर साऱ्या राष्ट्राने देवापुढे नम्र होऊन करावयाच्या पश्चात्तापाचा. तथापि पवित्र शास्त्र उघडून पाहिले आणि आमचा संकोच दूर झाला.

ज्युबिलीची मूळ आज्ञा लेवीय नामक ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. सात वेळा सात वर्षे मोजावी, पन्नासावे वर्ष पवित्र मानावे, दासांना मुक्त करावे, ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत द्यावी, असा तो नियम. हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्या वर्षाचे रणशिंग कोणत्या दिवशी फुंकावयाचे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. ते सुगीच्या दिवशी नव्हे, वल्हांडणाच्या दिवशीही नव्हे. ते फुंकावयाचे प्रायश्चित्ताच्या दिवशी! ज्या दिवशी सारे इस्राएल राष्ट्र उपोषण करून आपल्या पापांबद्दल देवापुढे नम्र होत असे, त्याच दिवशी ज्युबिलीचा आनंदघोष होत असे. अगोदर गुडघे टेकावयाचे, मग रणशिंग वाजवावयाचे, हा देवाने लावलेला क्रम आहे. सन १३०० मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी ख्रिस्तसभेची पहिली ज्युबिली घोषित केली, तेव्हाही यात्रेकरूंना रोमेस बोलाविले ते पापनिवेदन करून क्षमा मिळविण्यासाठीच. तेव्हा ज्युबिलीच्या मंडपात पश्चात्तापाविषयी बोलणे हे अवेळी बोलणे नव्हे.

आता कोणी विचारील की, राष्ट्र म्हणून पाप घडते काय? पाप माणूस करतो, पापनिवेदनास माणूस जातो. राष्ट्र गुडघे टेकणार कसे? प्रश्न रास्त आहे. प्रत्येकाने आपापला हिशेब देवापुढे द्यावयाचा आहे, हे खरेच. परंतु दानिएल संदेष्ट्याची प्रार्थना पाहा. तो स्वतः निष्ठावंत होता. परदेशी राजाच्या दरबारातही त्याने देवाची भक्ती सोडली नव्हती. तरी ग्रंथाच्या नवव्या अध्यायात तो तागाचे वस्त्र नेसून, राख फासून प्रार्थना करतो, तेव्हा ‘त्यांनी पाप केले’ असे म्हणत नाही, ‘आम्ही’ म्हणतो. नहेम्या हाही तसाच आपणांस व आपल्या वाडवडिलांच्या घराण्यास त्या ‘आम्ही’त गोवतो. देशाची कीर्ती सांगताना आपण सर्वजण ‘आम्ही’ म्हणतो. शिवछत्रपतींचे किल्ले आमचे, ज्ञानोबा-तुकोबांची वाणी आमची, स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेले वीर आमचे. मग त्याच देशाच्या अपराधाची गोष्ट निघाली म्हणजे ‘आम्ही’ हा शब्द ओठांवरून एकाएकी का पळतो, आणि त्याच्या जागी ‘ते लोक’ हे शब्द का येतात? वारसा घ्यावयाचा तर शेतही घ्यावे लागते आणि शेतावरचे कर्जही घ्यावे लागते. हे आपणां शेतकऱ्यांस कोणी निराळे शिकवावयास नको.

निनवे नगरीचे उदाहरण तर लहान मुलांसही पाठ आहे. योनाचा उपदेश ऐकताच तेथील राजा सिंहासनावरून उठला, राजवस्त्र उतरवून त्याने गोणपाट पांघरले व तो राखेत बसला. गुराढोरांनाही त्या दिवशी चारापाणी नव्हते. आपण पोळ्याला बैलांच्या अंगावर झूल घालतो; निनवेकरांनी आपल्या जनावरांस गोणपाट पांघरविले! परंतु लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. राजाज्ञेत नुसता उपवास नव्हता. प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडून द्यावा, असेही तीत होते. आणि देवाने काय पाहिले? गोणपाट पाहिले असे शास्त्र म्हणत नाही. ते लोक वाईट मार्गापासून फिरले, ही त्यांची कृती पाहिली असे म्हणते.

येथूनच खरा व खोटा राष्ट्रीय पश्चात्ताप ओळखण्याची कसोटी आपणांस मिळते. इतिहासात दोन्ही प्रकार आढळतात. १८५७ साली हिंदुस्थानात उठाव झाला, तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या आज्ञेवरून ७ ऑक्टोबर १८५७ रोजी ब्रिटनमध्ये उपवासाचा व नम्रतेचा दिवस पाळण्यात आला. लंडनच्या स्फटिकमहालात एका उपदेशकापुढे वीस हजारांहून अधिक लोक जमले होते. काही उपदेशकांनी कंपनीच्या कारभारातील दोषही त्या दिवशी बोलून दाखविले, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. परंतु त्या दिवसाची मुख्य याचना कोणती होती? आमच्या फौजेस यश दे, ही! गुडघे देवापुढे टेकलेले, पण मूठ मात्र आवळलेली. याच्या उलट अमेरिकेचे उदाहरण पाहा. तेथे यादवी युद्ध पेटले असता अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ३० एप्रिल १८६३ हा दिवस राष्ट्रीय नम्रतेचा, उपवासाचा व प्रार्थनेचा म्हणून ठरविला. त्यांच्या जाहीरनाम्याचा आशय असा होता की, ही आपत्ती कदाचित आपल्याच राष्ट्राच्या उन्मत्तपणाची शिक्षा असेल. भरभराटीने आपण फुगलो आणि देणाऱ्यास विसरलो. आणि हे केवळ बोलणे नव्हते; त्याच वर्षाच्या १ जानेवारीस बंडखोर प्रांतांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा त्यांनी केली होती.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटविले व आतील शिपाई मारले गेले. महात्मा गांधींनी हे कृत्य केले नव्हते; ते तेथे नव्हतेही. तरी त्यांनी ऐन भरात आलेली चळवळ थांबविली आणि स्वतः पाच दिवसांचा उपवास केला. अनेक सहकारी रागावले. शत्रूचे पाप मोजणे सोपे असते. आपल्या पक्षाचे पाप आपल्या अंगावर घेणे ही तपश्चर्या आहे.

येथे एका मोहापासून आपणांस सावध राहिले पाहिजे. संकट आले की, ‘हा अमक्याच्या पापाचा दंड’ असे म्हणण्याची घाई माणसास होते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा दंड होय, असे गांधीजी म्हणाले, तेव्हा कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्या विचारास उघड विरोध केला. आपल्या मराठवाड्याने तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. गणेशविसर्जन आटोपून लोक निजले होते, आणि चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे हजारो माणसांसह ढिगाऱ्याखाली गेली. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती काय? प्रभूने या प्रश्नाचे उत्तर सिलोहाच्या बुरुजाच्या वेळीच देऊन ठेवले आहे. बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमातील इतरांहून अधिक अपराधी नव्हती, असे त्याने निक्षून सांगितले. पण ऐकणाऱ्यांनी स्वतः पश्चात्ताप करावा, असेही त्याच श्वासात सांगितले. म्हणजे मेलेल्यांचा न्याय आपण करावयाचा नाही. जिवंत राहिलेल्यांनी आपले घर तपासावयाचे. किल्लारीत माणसे मेली ती जाड दगडमातीच्या भिंती व माळवदे अंगावर पडून. आपल्या शेजाऱ्याची भिंत किती कच्ची आहे, हे आपण कधी पाहिले होते काय, हा प्रश्न मात्र देव आपणांस विचारू शकतो.

नम्रतेचा हा धडा शिकण्यासाठी आपणांस दूर जावयाचेही कारण नाही. आपला तालुका औंढा नागनाथाचा, आणि संत नामदेवांची नरसी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात. वारकरी परंपरेत सांगतात की, संतमंडळी तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी जमली असता मुक्ताबाईंनी त्यांस मडकी पारखावयास सांगितले. गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर हळूच मारण्यास आरंभ केला. इतर संत स्वस्थ बसले; नामदेव मात्र रागावले. गोरोबांनी निर्णय दिला की, हे मडके अजून कच्चे आहे. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, गुरूच्या पायाशी बसले आणि त्यांचा अभिमान गळाला. ही गुरुभेट औंढ्यास झाली, असे आपल्या भागातील लोक मानतात. आपण ख्रिस्ती आहोत. आपली उपासना निराळी आहे. परंतु ही कथा ऐकून आम्हांस नेहमी वाटते की, देशोदेशीच्या मोठमोठ्या राष्ट्रांच्या डोक्यावर असे थापटणे मारून पाहिले, तर किती मडकी पक्की निघतील? आपल्या देशाच्या दोषाबद्दल कोणी अवाक्षर काढले की ज्याचा संताप अनावर होतो, त्याचे मडके कच्चे आहे, असे गोरोबाकाका म्हटले असते.

तेव्हा आता आपल्याच प्रांताच्या डोक्यावर थापटणे मारून पाहू. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण अभिमानाने पाळतो, आणि पाळावाच. निजामी राजवटीत रझाकारांनी केलेले अत्याचार आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकले आहेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली, पाच दिवसांत ती संपली आणि हैदराबाद संस्थान मुक्त झाले. परंतु त्यानंतरच्या दिवसांत काय झाले, हे आपण मुलांस सांगत नाही. सूडाच्या भरात संस्थानातील हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला, आणि सर्वांत अधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचा नांदेड व उस्मानाबाद ही नावे घातली. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. झेंडावंदनाच्या दिवशी रझाकारांच्या बळींसाठी आपण डोके लववितो. त्याच दिवशी त्या दुसऱ्या बळींसाठीही एक क्षण डोके लवविले, तर स्वातंत्र्याचे तेज कमी होईल काय? आम्हांस वाटते, ते वाढेल.

पुढे २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला, आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. एक नाव लिहिण्यास १४ जानेवारी १९९४ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षांच्या आसपास काळ लागला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या तहानलेल्या लोकांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पाऊस पाडणे न पाडणे देवाच्या हाती आहे. पण पडलेले पाणी कोणाच्या उसाला मिळाले आणि कोणाच्या घागरीला मिळाले नाही, हे माणसाच्या हाती होते. २०११ च्या शिरगणतीत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात ८९४ भरली, आणि बीड जिल्ह्यात अवघी ८०७! ज्या मुली मोजणीत आल्याच नाहीत, त्यांची मोजणी देवाजवळ आहे. आणि कर्जापायी गळफास घेतलेल्या शेतकऱ्यांची घरे तर दाखवावयास नकोत. तशा घरातील कोणी ना कोणी याच मंडपात बसलेले असेल. कर्जातून सुटका हा ज्युबिलीचा प्राण. आणि आपल्याकडे मात्र कर्जातून सुटण्याची वाट माणसाने मरणात शोधावी, यापरते राष्ट्राला गुडघ्यांवर आणणारे दुसरे काय हवे?

बंधुभगिनींनो, इथवर आपण माना डोलाविल्या. आता कठीण भाग आला. आपण मूठभर ख्रिस्ती लोक. राष्ट्राची पापे अशी मोठ्याने वाचून दाखविली, तर शेजारी म्हणतील की, हे परके आम्हांस नावे ठेवतात. त्यांचा तो आक्षेप केव्हा खरा ठरेल? आपण आपली पापे झाकून ठेविली, तर! म्हणून ख्रिस्तसभेचे निवेदन प्रथम झाले पाहिजे. याच पश्चिम किनाऱ्यावर, गोव्यात, १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, धर्मन्यायासन चालले. ख्रिस्ताच्या नावाने तेथे माणसांस छळले गेले. १२ मार्च २००० रोजी, महाज्युबिलीच्या उपवासकाळातील पहिल्या रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोमेस संत पेत्राच्या मंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाने केलेली जबरदस्ती तीत होती. वयोवृद्ध, थरथरत्या देहाच्या त्या पवित्र पित्याने क्रूसाला मिठी मारली. ख्रिस्तसभा त्यामुळे लहान झाली नाही.

आणि जात? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती बांधव अनुसूचित जातींच्या सवलतींस मुकले. त्याविरुद्ध आपण न्याय मागतो, आणि ती मागणी योग्यच आहे. परंतु भारताच्या काथोलिक महागुरूंनी डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धोरणपत्रात कबूल केले की, भेदभाव ख्रिस्तसभेच्या आतही आहे. महागुरूंनी जे कबूल केले, ते आपण नाकारावे काय? आमचेच निवेदन ऐका. कित्येक वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती विवाहाच्या पंगतीस आम्ही बसलो होतो. काही मंडळी निमूटपणे मंडपाच्या कडेला निराळी बसली. त्यांस तेथे कोणी बसविले नव्हते; पण मध्ये येऊन बसा, असे म्हणणाराही कोणी नव्हता. आम्ही ते पाहिले. त्याच सकाळी एकाच वेदीवरून आम्ही सर्वांनी प्रभूचे शरीर ग्रहण केले होते. आम्ही उठावयास हवे होते. आम्ही पान ओढून जेवू लागलो. त्या दिवशी कोणी दंगल केली नाही, कोणाचे घर जाळले नाही. पण १९७८ च्या आगी ज्या काडीने लागल्या, ती काडी अशाच गप्प बसलेल्या पंगतींत तयार होते. म्हणूनच राष्ट्राच्या पापाविषयी बोलताना आम्हांस ‘ते’ म्हणता येत नाही.

मग करावे काय? जक्कयाने आम्हांस वाट दाखविली आहे. प्रभू घरी आला तेव्हा त्याने नुसते अश्रू ढाळले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांस देतो आणि ज्याचे नाडून घेतले त्याचे चौपट परत करतो, असे तो उभा राहून म्हणाला. आपले गाव नावानेच बाजाराचे. तेव्हा पश्चात्तापाचा हिशेब आपणांस रोख समजतो. या ज्युबिलीत तीन गोष्टी कराव्या, अशी आमची हात जोडून विनंती आहे. पहिली, मजुरीची: हळद काढणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायामाणसांचा पैसा ठरल्या दिवशी द्यावा, रोखून ठेविलेल्या मजुरीचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो, असे संत याकोब बजावतो. दुसरी, कर्जाची: आपणांपैकी ज्याचे थोडेफार येणे एखाद्या गांजलेल्या घराकडे असेल, त्याने निदान एक कर्ज या वर्षी सोडावे, आणि सोडल्याचे चारचौघांत सांगू नये. तिसरी, पंगतीची: या मंडपातील आजच्याच जेवणास प्रत्येकाने, ज्याच्या शेजारी आजवर बसला नाही, त्याच्या शेजारी बसावे. फार लहान गोष्टी आहेत, हे आम्ही जाणतो. पण निनवेचा राजा आपल्या आसनावरून उठला, तेव्हाच नगरी वाचली. आपणही निदान आपल्या पाटावरून उठावे.

राष्ट्राच्या नम्रतेचा दिवस सरकारने जाहीर करीपर्यंत वाट पाहावयाचे कारण नाही. दरसाल राखेच्या बुधवारी आपल्या कपाळी राख लागते. त्या दिवशी आपण केवळ आपल्या घरादारासाठी नव्हे, तर या देशासाठी, ‘आम्ही’ म्हणून राख लावून घ्यावी. सदोममध्ये दहा नीतिमान सापडते, तर देव ते नगर राखणार होता. आपण दहांहून पुष्कळ अधिक आहोत.

शेवटी, ज्याच्या हाती राष्ट्रांची दैवे आहेत त्या दयाघन पित्यास आमची प्रार्थना आहे की, त्याने या भारतभूमीवर कृपादृष्टी ठेवावी. आमच्या वाडवडिलांचे व आमचे अपराध क्षमा करावे. ज्यांचे रक्त आमच्या मातीत सांडले, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, त्यांस चिरशांती द्यावी. आमचा अभिमान मोडावा, पण आम्हांस मोडू नये. आणि पवित्र मरियेच्या मध्यस्थीने आमच्या ज्युबिलीचे रणशिंग तिच्या खऱ्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, आमच्या हातून वाजवून घ्यावे. आमेन.